केतले यांचा भागाकार

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे आणि येणाऱ्या आकड्यावरून माणूस निरोगी आहे की नाही ते ठरवावे, ही रीत आता इतकी रुळली आहे, की तिचा कोणी कर्ता असेल, तिला काही इतिहास असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. आरोग्यतपासणीच्या अहवालात, विम्याच्या अर्जात, व्यायामशाळेच्या भिंतीवरील तक्त्यात हा आकडा आपल्याला भेटतो. 'बॉडी मास इंडेक्स' या इंग्रजी नावाचे 'बीएमआय' हे संक्षिप्त रूपच मराठीत चालते. तो आरोग्य मोजण्यास कितपत उपयोगी आहे, हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकाचा, आणि आम्ही तर भाषा-साहित्याचे अध्यापक. परंतु या प्रश्नाची एक बाजू अशी आहे, की ती आमच्या विषयापासून फार दूर नाही. समूहाचे वर्णन करण्यासाठी घडविलेले साधन व्यक्तीवर निवाडा देण्यासाठी कसे वापरले जाऊ लागते, ही ती बाजू. वर्णनात्मक आणि आदेशात्मक व्याकरण यांतील फरक वर्गात समजावून सांगताना ज्या घसरगुंडीची उदाहरणे आम्ही देतो, तीच येथेही दिसते.

या भागाकाराचे जनक आदोल्फ केतले हे वैद्य नव्हते. १७९६ साली बेल्जममधील गेंट येथे त्यांचा जन्म झाला. तारुण्यात त्यांनी कविता लिहिल्या, एका मित्राच्या जोडीने संगीतिकेची संहिताही लिहिली. पुढे ते गणिताकडे वळले. ब्रुसेल्सला वेधशाळा उभारावयाची म्हणून ज्योतिर्विद्येची उपकरणे व पद्धती अभ्यासण्यासाठी १८२३ साली ते पॅरिसला गेले आणि तेथे संभाव्यतेच्या गणिताशी त्यांची गाठ पडली. एकाच ताऱ्याचे स्थान अनेक निरीक्षकांनी मोजले, तर प्रत्येकाचे उत्तर थोडे वेगळे येते. या उत्तरांचा आलेख घंटेच्या आकाराचा होतो आणि मधल्या शिखरापाशी ताऱ्याचे खरे स्थान असते, असे ज्योतिर्विद मानीत. केतले यांनी ही युक्ती आकाशातून जमिनीवर आणली. माणसांची उंची, वजन, छातीचा घेर, विवाहाचे वय, गुन्हे, आत्महत्या, सारे काही त्यांनी याच रीतीने मोजावयास घेतले. १८३५ साली त्यांचा माणसावरील दोन खंडांचा ग्रंथ फ्रेंच भाषेत प्रसिद्ध झाला आणि 'सरासरी माणूस' ही कल्पना युरोपात रूढ झाली.

साहित्याच्या अभ्यासकांना या ग्रंथातील एक प्रकरण मौजेचे वाटेल. केतले यांनी फ्रेंच व इंग्रज नाटककारांच्या गाजलेल्या कृती त्यांच्या वयानुसार मांडून प्रतिभा कोणत्या वयात फळाला येते हे मोजण्याचा प्रयत्न केला आणि शोकात्मिकेची प्रतिभा सुखात्मिकेच्या प्रतिभेआधी पक्व होते, असा निष्कर्ष काढला. निष्कर्ष कसाही असो, मोजण्याची ही हाव लक्षात घेण्याजोगी आहे. तिचे फळ कधीकधी चोखही निघे. फ्रान्समधील एक लक्ष सैन्यभरतीयोग्य तरुणांच्या उंचीचे आकडे तपासताना त्यांना दिसले, की भरतीसाठी आवश्यक असलेल्या १.५७ मीटर या किमान उंचीच्या किंचित खाली अपेक्षेपेक्षा दोन हजारांहून अधिक तरुण जमा झाले आहेत आणि तितकेच किंचित वरच्या रकान्यांतून गायब आहेत. अर्थ उघड होता. सैन्यात जावयास नको म्हणून उंची चोरली गेली होती. कोणा एका तरुणाने लबाडी केली, हे हे गणित सांगू शकत नव्हते. जमावात लबाडी झाली आहे, हे मात्र ते निर्विवाद सांगत होते. बीएमआयच्या साऱ्या कथेत हा भेद आम्हांला कळीचा वाटतो.

केतले स्वतः तो भेद नेहमी पाळीत असत असे नाही. १८४६ साली प्रसिद्ध झालेल्या पत्ररूप ग्रंथात त्यांनी स्कॉटलंडमधील ५,७३८ सैनिकांच्या छातीच्या घेराचे आकडे घेतले. त्याआधी त्यांनी एका पुतळ्याची कल्पना केली आहे. मल्लाच्या एकाच पुतळ्याच्या हजार शिल्पकारांनी हजार प्रती केल्या, तर प्रत्येक प्रतीत काही चूक राहील. पण साऱ्या प्रतींची सरासरी मूळ पुतळ्यापाशी येईल. मग ते म्हणतात, की सैनिकांच्या छातीचे आकडेही अगदी तशाच प्रतींसारखे पसरलेले आहेत. जणू निसर्गासमोर एकच आदर्श होता आणि जिवंत माणसे ही त्याच्या कमीअधिक चुकलेल्या प्रती. ताऱ्याच्या बाबतीत ही कल्पना योग्यच होती, कारण तारा खरोखर एका ठिकाणी असतो. परंतु स्कॉटिश सैनिकांमागे असा कोणता एक सैनिक उभा होता? येथे सरासरी ही आदर्श झाली आणि वेगळेपण ही चूक ठरली.

आता तो भागाकार. ब्रुसेल्समध्ये जमविलेल्या आकड्यांवरून केतले यांना दिसले, की प्रौढ माणसे जशी उंच तशी ती सर्व दिशांनी सारख्याच प्रमाणात वाढलेली नसतात. तशी असती तर वजन उंचीच्या घनाच्या पटीत वाढले असते. प्रत्यक्षात ते जवळपास वर्गाच्या पटीत वाढते. वाढत्या वयाच्या मुलांत हे नाते आणखी निराळे असते. एवढेच त्यांचे निरीक्षण. लठ्ठपणा मोजण्याचा त्यांचा हेतू नव्हता, आजाराचा उल्लेख या नियमात नव्हता. देहाच्या वाढीचा एक ठोकताळा, इतकाच त्याचा अर्थ होता, आणि शंभराहून अधिक वर्षे तो त्या ग्रंथात जवळजवळ पडून राहिला.

येथे एका शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. मराठीत 'प्रमाण' या शब्दाला निदान तीन अर्थ आहेत. मीठ किती हे सांगणारे प्रमाण, न्यायशास्त्रात पुरावा या अर्थी येणारे प्रमाण आणि 'प्रमाणभाषा' या समासातील प्रमाण, म्हणजे मानक. केतले यांचा भागाकार या तीनही अर्थांतून क्रमाने गेला. तो आधी उंची-वजनाचे प्रमाण होता, मग लठ्ठपणाचा पुरावा झाला आणि अखेर देह कसा असावा याचे मानक बनला. चरकसंहितेतही देहाच्या लांबी-रुंदीचे 'प्रमाण' आहे. पण तेथील मोजपट्टी म्हणजे त्या त्या माणसाचे स्वतःचे बोट. ज्याच्या त्याच्या अंगुलांनी चौऱ्याऐंशी भरणारी उंची चरकाला योग्य वाटते. म्हणून चरकाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्याच ग्रंथात ज्या आठ देहांना निंदित म्हटले आहे, त्यांत अतिस्थूल व अतिकृश यांच्याबरोबर फार काळा, फार गोरा, फार उंच, फार बुटका यांचीही गणना आहे. मानकांचा सोस काही पाश्चात्त्यांनीच आणला असे नाही.

केतले यांची घंटाकृती फ्रान्सिस गॉल्टन यांनी उचलली आणि उलटी केली. त्यांच्या लेखी सरासरी म्हणजे सामान्यपणा, आणि उत्तम ते टोकाला. तेथून सुप्रजननशास्त्र व देहमापनावर आधारलेला वंशविचार यांकडे जाणारी वाट सर्वज्ञात आहे. त्या वाटेवर एक मराठी पाऊलही पडले होते. 'युगान्त'च्या लेखिका इरावती कर्वे यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्यांची मापे घेतली आणि कवटीच्या दोन बाजूंमधील असमानतेचा वंशाशी संबंध आढळत नाही, असा गुरूच्या धारणेला न मानवणारा निष्कर्ष मांडला. मापे घेऊनही मापांच्या आहारी न जाता येते, याचे हे उदाहरण म्हणून आठवले; मूळ विषयाकडे वळू.

वजन हा आरोग्याचा निकष व्हावा यासाठी डॉक्टरांआधी विमा कंपन्या उत्सुक होत्या. कोण लवकर मरेल हे त्यांना आधी कळावयास हवे होते. अमेरिकेतील मेट्रोपॉलिटन लाइफ या कंपनीचे संख्याशास्त्रज्ञ लुई डब्लिन यांच्या पुढाकाराने १९४२ साली स्त्रियांसाठी आणि १९४३ साली पुरुषांसाठी 'आदर्श' वजनांचे तक्ते निघाले. १९५९च्या तक्त्यांत 'आदर्श'ऐवजी 'इष्ट' हा शब्द आला. लहान, मध्यम व मोठी 'फ्रेम' असे तीन रकाने त्यांत असत. मराठीत आपण एखाद्याला 'हाडापेराने मजबूत' म्हणतो, तीच ही कल्पना. गंमत अशी, की ती मोजावी कशी हे आरंभी सांगितलेलेच नव्हते. कोपराच्या रुंदीवरून ती ठरविण्याची सोय १९८३च्या तक्त्यांत आली. १९८३ साली ही इष्ट वजने वरही सरकविण्यात आली. म्हणजे जी बाई १९८२ साली जाड होती, ती दुसऱ्या वर्षी एक घास कमी न खाता प्रमाणात आली. आणि हे सारे आकडे ज्यांच्याकडे विमा घेण्याइतका पैसा होता अशा अमेरिकनांचे. त्यांतील बहुसंख्य गोरे.

या तक्त्यांवर अन्सेल कीज यांचा रोष होता. मिनेसोटा विद्यापीठातील हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ मराठी वाचकाला ठाऊक असतील तर कोलेस्टेरॉलच्या वादामुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस त्यांनी लढण्यास नकार देणाऱ्या ३६ तरुणांना त्यांच्या संमतीने अर्धपोटी ठेवून उपासमारीचा अभ्यास केला होता. तो आजही वाचला जातो. १९७२ साली कीज व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच देशांतील सात हजारांहून अधिक पुरुषांच्या आकड्यांवर उंची-वजनाची निरनिराळी सूत्रे ताडून पाहिली. त्वचेच्या चिमटीची जाडी मोजून आलेल्या चरबीच्या अंदाजाशी कोणते सूत्र अधिक जुळते, हा प्रश्न होता. केतले यांचा भागाकार त्यांत सरस ठरला. त्याला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव कीज यांनी या निबंधात दिले. मात्र त्यांची भाषा सावध आहे. हा निर्देशांक पूर्णतः समाधानकारक नसला, तरी इतर सूत्रांइतका तरी तो चांगला आहे, इतकाच त्यांचा दावा होता. तोही चरबीपुरता, आरोग्याविषयी नव्हे. त्या अभ्यासात एकही स्त्री नव्हती.

यानंतरची प्रगती ही शास्त्राची कमी आणि सोयीची अधिक आहे, असे आमचे मत. वजनकाटा आणि मोजपट्टी कोठेही मिळते, भागाकार कोणालाही येतो. १९८५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या परिषदेने पुरुषांसाठी २७.८ आणि स्त्रियांसाठी २७.३ ही मर्यादा धरली. १९९८ साली ती दोघांसाठी २५ करण्यात आली, जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाशी मेळ बसावा म्हणून. या एका निर्णयाने अमेरिकेतील अडीच कोटींहून अधिक माणसे रातोरात 'अतिवजनी' झाली. निसर्गाला पाचाच्या पाढ्याचे विशेष प्रेम असल्याचे ऐकिवात नाही. २५ आणि ३० हे आकडे लक्षात ठेवावयास सोपे, म्हणूनही ते टिकले असावेत.

मग हा आकडा मृत्यूविषयी तरी काही सांगतो का? २०१३ साली कॅथरिन फ्लेगल व सहकाऱ्यांनी ९७ अभ्यास एकत्र करून दाखविले, की २५ ते ३० या 'अतिवजनी' गटातील मृत्यूचे प्रमाण 'योग्य' गटापेक्षा किंचित कमीच आहे. मोठे वादळ उठले. २०१६ साली दुसऱ्या एका विशाल अभ्यासाने धूम्रपान करणारे, आधीच दीर्घ आजार असणारे आणि पहिल्या पाच वर्षांत दगावलेले लोक वगळले आणि २० ते २५ हाच पट्टा सुरक्षित असल्याचे सांगितले. आजाराने माणूस आधीच वाळतो, म्हणून त्याला गणतीत धरले की कृशता घातक दिसते, हा त्यांचा युक्तिवाद आम्हांला पटतो. परंतु एक गोष्ट उरतेच. निर्देशांक तोच, आणि कोणाला मोजावयाचे हे बदलताच निष्कर्ष फिरतो. दोन्ही टोकांना, म्हणजे फार कृश व फार स्थूल माणसांच्या बाबतीत, वाद नाही. वाद मधल्या पट्ट्याचा आहे, आणि बहुसंख्य माणसे तर त्या पट्ट्यातच राहतात.

पाश्चात्त्य देशांतील टीकेचा रोख प्रायः असा असतो, की हा आकडा निर्दोष माणसाला दोषी ठरवितो. पिळदार स्नायूंचा खेळाडू त्यात लठ्ठ ठरतो, हे उदाहरण इतके वापरले गेले आहे की त्यात आता जीव उरलेला नाही. भारतात या आकड्याची कथा निराळ्या दारातून आत आली. १९८८ साली जेम्स, फेरो-लुझी आणि वॉटरलो या तज्ज्ञांनी प्रौढांमधील दीर्घकालीन अर्धपोटीपणाची व्याख्या मांडली आणि १८.५ हा खालचा आकडा रूढ झाला. आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने १९९८-९९च्या फेरीत स्त्रियांची उंची व वजन मोजले, तेव्हा १५ ते ४९ वयाच्या, कधी ना कधी विवाह झालेल्या स्त्रियांपैकी ३५.८ टक्के या रेषेखाली होत्या. २०१९-२१च्या फेरीत या वयाच्या सर्व स्त्रियांत हे प्रमाण १८.७ टक्के होते, आणि २५ किंवा त्याहून अधिक बीएमआय असलेल्या स्त्रिया २४ टक्के. दोन फेऱ्यांतील गट तंतोतंत एक नाहीत. तरीही देशाच्या ताटात काय बदलले ते यातून दिसते. या कामासाठी बीएमआयइतके स्वस्त व प्रामाणिक साधन दुसरे नाही, हे मान्य करावयास हवे. फ्रान्समधील उंची-चोरांचा छडा लावणारे केतले येथे शोभून दिसतात.

परंतु व्यक्तीच्या बाबतीत हाच आकडा आपल्याकडे नेमका उलट्या दिशेने फसवितो, आणि हे प्रथम ठसठशीतपणे मांडणाऱ्यांत पुण्याचे नाव येते. केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास चालविला. त्या मातांची सरासरी उंची १५२ सेंटिमीटर आणि गरोदरपणाआधीचे वजन ४२ किलोच्या आसपास. भागाकार केला तर उत्तर १८.५च्याही खाली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात या गावांतील नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांशी केली होती. आपली बाळे सरासरी २.७ किलोची, त्यांची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू, पोट, सारे लहान होते. मात्र खांद्याच्या फऱ्याखालील चरबी त्या मानाने राखलेली होती. आईच्या पोटात पोषण अपुरे पडले तेव्हा स्नायू व अवयव यांच्या वाट्याचे कमी झाले आणि चरबी शिल्लक राहिली. 'कृश-स्थूल' बाळ, असा विरोधाभासी शब्द त्यांनी वापरला. 'बाळसे धरणे' या आपल्या वाक्प्रचारात अंगावर येणारे मांस हे आरोग्याचेच चिन्ह असते. कृश दिसणारे मूल आतून चरबी बाळगून असेल, ही शक्यता आमच्या भाषेनेही कधी गृहीत धरली नव्हती.

२००४ साली याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या दोघांचे छायाचित्र दिले. दोघांचाही बीएमआय २२.३. क्ष-किरणांच्या विशेष तपासणीत युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के निघाली, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांनी आपला व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी गाठणे, अशी थट्टाही त्यात केली आहे. एका पानाचा हा मजकूर. पण केतले यांच्या पुतळ्याला इतके सहज उत्तर दुसऱ्या कोणी दिल्याचे आमच्या वाचनात नाही. एकाच आकड्याच्या दोन प्रती, आणि त्यांची मूळ मूर्ती एक नव्हे.

याचा परिणाम म्हणून मर्यादा पुन्हा हलल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे जादा टप्पे २००४ साली सुचविले, आणि भारतीय डॉक्टरांनी २००९ साली २३ ला अतिवजन व २५ ला लठ्ठपणा मानण्याचे ठरविले. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा, हेही त्याच वेळी सांगितले. जून २०२३मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने व्यक्तीच्या बाबतीत केवळ बीएमआयवर विसंबू नये, असे धोरण स्वीकारले. जानेवारी २०२५मध्ये 'लॅन्सेट'च्या मधुमेहविषयक नियतकालिकाने नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाने आणखी पुढचे पाऊल टाकले. बीएमआय लोकसंख्येच्या पाहणीसाठी व प्राथमिक चाळणीसाठी वापरावा, चरबी वाढली आहे की नाही ते कमरेच्या घेरासारख्या दुसऱ्या मापाने किंवा प्रत्यक्ष मोजून ठरवावे, आणि अवयवांच्या कामात बिघाड झाला असेल तरच लठ्ठपणाला आजार म्हणावे, असे त्याचे सार. चाळणी आणि निवाडा यांतील फरक वैद्यकाने स्वतःच्या शब्दांत मान्य केला, ही या आयोगाची मोठी गोष्ट आम्ही मानतो. २३ हा नवा आकडा मात्र आम्हांला पुरेसा वाटत नाही. भारतीयांसाठी निराळी रेषा आखली, की भारतीयांची पुन्हा एक सरासरी मूर्ती तयार होते, आणि तिच्याही प्रती चुकलेल्याच निघतात.

पुण्याजवळच्या त्या सहा गावांतील मुले अठरा वर्षांची झाली तेव्हा त्यांची पुन्हा तपासणी करण्यात आली. जवळजवळ निम्म्या मुलामुलींचा बीएमआय १८.५ पेक्षा कमी होता, म्हणजे तक्त्यानुसार ती अर्धपोटी होती. त्याच तपासणीत मुलग्यांपैकी सुमारे ३७ टक्के आणि मुलींपैकी सुमारे १८ टक्के जणांच्या रक्तातील साखर प्रमाणाबाहेर गेलेली आढळली.